सापडलं नाही, तेही लिहून ठेवा

मागच्या महिन्यात या सदरात मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडणाऱ्या हौशी लोकांबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाळेत आपण ४२ चे मूळ अवयव २, ३, ७ असे पाडायचो, तेच काम शंभर, दीडशे, दोनशे अंकी संख्यांवर जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरवर करत बसतात आणि जे सापडेल ते फॅक्टरडीबी नावाच्या एका सामायिक डेटाबेसमधे टाकतात, तिथे कुणीही संख्या टाकून बघू शकतं की तिच्याबद्दल आत्तापर्यंत काय काय कळलंय. पूर्ण फुटलेल्या संख्येपुढे एफएफ असतं, अर्धवट फुटलेलीपुढे सीएफ, आणि संयुक्त आहे एवढंच माहीत आहे पण एकही अवयव हाती नाही तिच्यापुढे नुसतं सी. आलेल्या पत्रांतली पाच घेतलीत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात सगळ्यांच्या कामाचं आहे.

प्रश्न: ताई, मी मुलुंडला राहतो, एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. डेटाबेसमधून एक १३० अंकी संख्या उचलली, पुढे सी लिहिलेलं होतं. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप लावायचो, सकाळी ७.४० च्या लोकलला निघताना थांबवायचो, अशा अकरा रात्री चालला. शेवटी दोन अवयव मिळाले, एक ६१ अंकी एक ७० अंकी, टाकताना हात थरथरत होते, आणि बघतो तर संख्येपुढे एफएफ. माझ्या आधीच कुणीतरी टाकून गेलेलं. माझी मेहनत पाण्यात गेली का? आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या एका संख्येपुरती मेहनत गेलीच. तुम्ही शिकलात वगैरे ते आहेच, पण अकरा रात्री त्या अकरा रात्रीच.

आता हे का झालं ते बघू, कारण या कामात दोन अगदी वेगळ्या जातीच्या पद्धती आहेत आणि दोघांच्या मेहनत वाटून घ्यायच्या रीती पण वेगळ्या आहेत, नवीन माणसाला हे कुणी सांगतच नाही.

पहिली ईसीएम, म्हणजे एलिप्टिक कर्वची पद्धत, हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांची, १९८७ साली छापून आलेली. यात दर वेळी एक नवीन कर्व, म्हणजे एका ठराविक जातीचं समीकरण, रँडम निवडायचा, त्याच्यावर ठराविक गणित करायचं, नशिबात असेल तर अवयव बाहेर पडतो, नाहीतर पुढचा कर्व. किती कर्व करायचे याचे आकडे ठरलेले आहेत, ३५ अंकी अवयव शोधायचा असेल तर बी-वन, म्हणजे एकेका कर्ववर कुठवर गणित करायचं ती मर्यादा, १० लाखांवर ठेवून साधारण ९०० कर्व, ४० अंकीसाठी बी-वन ३० लाख आणि कर्व २३५० च्या आसपास, ४५ अंकीसाठी बी-वन १ कोटी १० लाख आणि कर्व साडेचार हजारांच्या घरात. बघा दर पाच अंकांना काम कसं चढत जातं. आणि कर्व रँडम असल्यामुळे तुम्ही मुलुंडला ३०० केलेत, कुणी पोलंडमधे ६०० केले, तर बेरीज सरळ ९०० धरायची, एकमेकांशी बोलायचीही गरज नाही, फक्त आपण किती केले ते सांगितलं पाहिजे.

दुसरी चाळणीची पद्धत, नंबर फील्ड सीव्ह, सगळे एनएफएस म्हणतात, मूळ कल्पना १९८८ ची, जॉन पोलार्ड यांची. तुम्ही हीच चालवलीत. यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही, चाळत बसायचं, कोट्यवधी रिलेशन्स, म्हणजे पुढे कामाला येणारी छोटी समीकरणं, गोळा करायची, मग त्यातली दुहेरी आणि निकामी काढून टाकून लाखो ओळींचं एक मॅट्रिक्स बनवायचं, ते एका जागी सोडवायचं, आणि शेवटी वर्गमूळ काढलं की अवयव हातात. दोन टक्के काम राहिलं असेल तरी हातात काहीच नसतं. चाळण वाटून घेता येते, चाळणीचे तुकडे स्पेशल क्यू नावाच्या आकड्यांनी पाडतात, तू ५० लाख ते ६० लाख घे मी ६० ते ७० घेते, असं शेकडो लोक मिळून करतात, एनएफएस ॲट होम नावाच्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात तर हेच चालतं, २०१२ साली २ चा १०६१वा घात वजा १ ही ३२० अंकी संख्या अशीच फुटली. पण दोघांनी एकमेकांना न सांगता तीच संख्या पहिल्यापासून चाळली तर एकाचं सगळंच्या सगळं वाया, तिथे बेरीज होत नाही.

तुमच्या बाबतीत तेच झालंय. लहान अवयव ६१ अंकी आहे म्हणजे तो कुणाला ईसीएममधे सहज लागला असेल असं नाही, त्या दुसऱ्या माणसानेही बहुतेक तुमच्यासारखीच रात्र रात्र चाळण केली असणार.

यावर उपाय आपल्या लोकलवाल्यांना शिकवायला नको, रुमाल टाकायचा. मोठ्या संख्यांवर काम करणारे गट कोण कुठल्या संख्येवर बसलंय याची यादी ठेवतात, चाळण सुरू करायच्या आधी तिथे बघायचं, संख्या मोकळी असेल तर आपलं नाव आणि अंदाजे तारीख टाकायची, आणि नाही जमलं तर रुमाल उचलायचा, सहा महिने रुमाल टाकून पसार होणं हे सीट अडवून दारात उभं राहण्यासारखंच आहे. डेटाबेसमधे नुसतं सी दिसतंय याचा अर्थ कुणीच त्यावर बसलेलं नाही असा होत नाही, एवढं धरून चाला. आणि रोज निघायच्या आधी एकदा संख्या टाकून बघत जा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अजून एक, १३० अंकी संख्येची चाळण लावण्याआधी साधारण ४० अंकांपर्यंतचा अवयव ईसीएमने तपासून घ्यायचा, ढोबळ हिशोब असा की एकूण अंकांच्या तीस टक्क्यांच्या थोडं वर. तुम्ही तपासलं होतं का ते पत्रात नाही. तपासलं असेल तर किती कर्व केलेत ते कुठे लिहिलं होतं का?

हे विचारतेय कारण माझी स्वतःची चूक नेमकी इथली आहे. काही वर्षांपूर्वी एका १५७ अंकी संख्येवर मी ५० अंकांपर्यंतची पूर्ण पातळी केली, बी-वन ४ कोटी ३० लाख, साडेसात हजार कर्व, जून ते ऑगस्ट, दादरच्या घरी गॅलरीला लागून असलेल्या टेबलावर, पाऊस आत येऊ नये म्हणून सीपीयूवर प्लॅस्टिक टाकलेलं पण मागची बाजू उघडी. खाकी कव्हरच्या वहीत रोजची नोंद आहे, “१४ जुलै, १०४ कर्व, काही नाही. १५ जुलै, लाइट गेली, ६० कर्व, काही नाही.” अशी साडेचार पानं काही नाही, काही नाही. सापडलं नाही म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही, रिकाम्या हाताने काय सांगायचं असं वाटलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या देशातल्या एकाने तीच संख्या उचलली आणि तेच साडेसात हजार कर्व शून्यापासून केले, त्यालाही काही नाही, मग तो वरच्या पातळीला गेला, बी-वन ११ कोटी, आणि तिथे त्याला ५३ अंकी अवयव मिळाला. मी माझी साडेचार पानं कळवली असती तर तो पहिल्या दिवशीच वरच्या पातळीपासून सुरू करू शकला असता. त्याचे ते महिने मी खाल्ले असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून एकही दिवस असा नाही की कर्व केले आणि कळवले नाहीत. सापडलेला अवयव कसाही लोकांपर्यंत पोचतोच, न सापडल्याची बातमी आपण दिली नाही तर कुठेच नसते. तुमची चाळण अर्धी राहिली, कर्व हुकले, लॅपटॉप बंद पडला, तरी “इथपर्यंत केलं, नाही मिळालं” एवढी ओळ जरूर टाका. घरी मात्र खरं ते सांगा, १३० अंकी संख्या मी घरात बसून फोडली, हे खरंच आहे, दुसऱ्याने आधी फोडली म्हणून तुमची फुटली नाही असं थोडंच आहे.

प्रश्न: मी परळचा, वय ६८, बँकेतून रिटायर. आयुष्य व्हाउचर आणि लेजर जुळवण्यात गेलं म्हणून विचारतो. कुठला कोण माणूस काहीही आकडा टाकेल, तो बरोबर आहे हे कोण बघतं? सही कुणाची? आणि माझ्याकडे दहा वर्षं जुना कॉम्प्युटर आहे, त्याचा उपयोग होईल का?

उत्तर: काका, तुमच्यासारख्या माणसाने विचारावा असाच प्रश्न आहे हा. सापडलेल्या अवयवाला सही लागत नाही, तो स्वतःच व्हाउचर असतो. डेटाबेस त्या अवयवाने भागून बघतो, बाकी शून्य आली तर घेतो, नाहीतर नाही, टाकणारा कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. शोधायला महिने लागतात आणि तपासायला डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागत नाही, म्हणून तर अनोळखी लोक एकत्र काम करू शकतात.

याचा सगळ्यात सुंदर प्रसंग १९०३ चा आहे. २ चा ६७वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे असं मर्सेन यांनी १६४४ मधे लिहून ठेवलं होतं. एदुआर ल्युका यांनी १८७६ मधे दाखवलं की ती मूळ नाही, संयुक्त आहे, पण अवयव कुणालाच माहीत नव्हते, आजच्या भाषेत पुढे नुसतं सी. मग ३१ ऑक्टोबर १९०३ ला फ्रँक नेल्सन कोल अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यापाशी गेले, एका बाजूला २ चा ६७वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार हाताने मांडला, दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आलं, आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोधायला किती वेळ लागला असं विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार असं ते म्हणाले, असं सांगतात.

तुम्ही बँकेत नवाची कसोटी वापरत असालच, इथेही लावून बघा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तीही शेवटी १. आणि त्या २१ अंकी संख्येची १०९, तीही १. एक गुणिले एक, एक. याने सिद्ध होत नाही पण चूक असती तर बहुतेक इथेच पकडली गेली असती.

आणि मला स्वतःला यातलं फार आवडतं ते पुढचं. कोल यांच्या लहान अवयवातून १ वजा करा, १९,३७,०७,७२० राहतात, आणि त्याचे अवयव आहेत ८ × २७ × ५ × ६७ × २६७७. सगळे छोटे छोटे. ज्या अवयवातून १ वजा केल्यावर असे किरकोळ तुकडे पडतात तो पोलार्ड यांच्या १९७४ च्या पी वजा १ पद्धतीला लगेच सापडतो, तुमच्या दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर एका सेकंदाच्या आत. तीन वर्षांचे रविवार! मी हा भागाकार एकदा कागदावर करून बघितला, २६७७ पर्यंत पोचले तेव्हा कोल यांच्याबद्दल एकदम भरून आलं.

पण न सापडल्याची नोंद, म्हणजे वरच्या उत्तरात लिहिले ते कर्व, त्याला व्हाउचर नाही. कुणी न करताच ९०० कर्व केले म्हणून सांगितलं तर ते तपासायचा एकच मार्ग, परत ९०० करणं. तिथे लेजरवरच्या क्लार्कच्या इनिशियलवर विश्वास ठेवावा तसा माणसावर विश्वास ठेवावा लागतो. शिवाय प्रामाणिकपणे केलेले ९०० कर्व म्हणजे ३५ अंकी अवयव नाहीच असंही नाही, ते सरासरीचं गणित आहे, पूर्ण पातळी केल्यावरही असलेला अवयव शंभरातून ३७ वेळा निसटतो. म्हणून नोंद “अवयव नाही” अशी करू नका, “इतके केले, दिसला नाही” अशी करा, तुम्हाला यातला फरक मी सांगायला नको.

अजून एका नोंदीकडे लक्ष द्या, पीआरपी. म्हणजे संख्या मूळ असावी असं चाचणीत दिसलंय पण अजून सिद्ध झालेलं नाही. आपल्या कानपूर आयआयटीच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मधे दाखवून दिलं की संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं तत्त्वतः सोपं काम आहे. अवयव पाडायची तशी सोपी पद्धत मात्र आपल्या कॉम्प्युटरसाठी अजून कुणालाही मिळालेली नाही. प्रत्यक्षात मोठ्या पीआरपीसाठी लोक दुसऱ्या पद्धतीने प्रमाणपत्र तयार करतात आणि डेटाबेसमधे जोडतात.

तुमचा कॉम्प्युटर चालेल, अगदी आरामात. मी तुम्हाला २७६ ची साखळी सुचवेन, कारण ती खतावणीसारखीच आहे. एक संख्या घ्यायची, ती सोडून तिच्या बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायची, येईल त्याचं परत तेच. १२ घेतली तर १६, १५, ९, ४, ३, १, संपली. २७६ घेतली तर ३९६, मग ६९६, ११०४, १८७२, ३७७०, आणि अशी वाढतच गेलीय, दोन हजारांहून जास्त पायऱ्या झाल्या, संख्या २०० अंकांच्या पुढे गेली, कुठे संपते का ते कुणालाच माहीत नाही. हजाराच्या आत अशा पाच आहेत, २७६, ५५२, ५६४, ६६० आणि ९६६. पुढची पायरी काढायला आधीच्या संख्येचे सगळे अवयव लागतात, एक राहिला तरी साखळी तिथेच अडते. या पाचांवर आता मोठ्या मशीनवाले बसलेत, पण त्यांच्यापेक्षा मोठ्या आकड्यांपासून निघणाऱ्या हजारो साखळ्या शंभर सव्वाशे अंकांवर अडकून पडल्यात, त्यातली एखादी घ्या. साधारण ९५ अंकांपर्यंत क्वाड्रॅटिक सीव्ह, ही पण चाळणीचीच पद्धत, त्यापुढे एनएफएस, याफू नावाचा प्रोग्रॅम कुठे काय वापरायचं ते स्वतःच ठरवतो. रोज एखाददुसरी ओळ पुढे सरकेल, बॅलन्स शीट मात्र बहुधा कधीच लागणार नाही, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न: डोंबिवलीहून लिहितेय, आयटीत आहे. माझे सासरे म्हणतात की असे मोठे आकडे फोडणारे लोक उद्या बँकेची कुलपं पण फोडतील. त्यांना काय सांगू? आणि तुम्हाला लोकांना यातून मिळतं काय?

उत्तर: त्यांची शंका हवेतली नाहीये, आरएसए नावाचं कुलूप मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे यावरच उभं आहे. १९७७ मधे सायंटिफिक अमेरिकनमधे मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी एक संख्या छापली होती आणि फोडणाऱ्याला १०० डॉलर बक्षीस लावलं होतं. ती १९९४ मधे फुटली, सुमारे ६०० स्वयंसेवक आणि १६०० मशीन, सगळी वाटणी ईमेलवरून, आपण आज करतो त्या कामाची पहिली मोठी पंगत तीच म्हणा ना. पुढे डिसेंबर २००९ मधे २३२ अंकी, आणि फेब्रुवारी २०२० मधे २५० अंकी, त्याला एका कोअरच्या हिशोबाने २७०० वर्षांइतकं काम लागलं, अर्थात हजारो कोअर एकदम लावून.

आता बँकेत सहसा २०४८ बिटांची संख्या असते, म्हणजे ६१७ अंकी. आमच्या घरगुती मशीनवर दर पाचेक अंकांना काम साधारण दुप्पट होतं, १३० चे १३५ झाले की रात्री दुप्पट, त्यावरून ६१७ किती लांब आहे ते सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवा. आम्ही उघड्यावर काम करतो, प्रत्येक आकडा जाहीर असतो, त्यामुळे कुलूप कुठवर टिकतं याची लक्ष्मणरेषा सगळ्या जगाला दिसत राहते, किल्ली किती लांब ठेवायची हे त्यावरूनच ठरवता येतं. हे चोरांचं काम नाही, पुलावर वजन टाकून तो किती पेलतो ते बघणाऱ्यांचं आहे.

मिळतं काय, तर पैसे नाहीत. पण पहाटे साडेचारला पहिल्या गाडीचा आवाज येत असताना स्क्रीनवर ३७ अंकी अवयव उमटलेला मी बघितलाय, त्या क्षणी जगात तो आकडा फक्त मला माहीत होता, आणि दहा मिनिटांनी तो सगळ्यांचा झाला. या दोन्ही गोष्टींसाठी मी परत कितीही रात्री बसेन.

प्रश्न: घाटकोपर. लाइटबिल किती वाढेल? आणि मे महिन्यात लॅपटॉप हात लावू देत नाही एवढा तापतो.

उत्तर: साधा लॅपटॉप पूर्ण जोरात चालला तर ६० वॉट धरा, रात्री आठ तास म्हणजे अर्ध्या युनिटच्या जरा खाली, महिन्याला १४-१५ युनिट. डेस्कटॉप असेल तर दुप्पट तिप्पट. तापायचं म्हणाल तर चारपैकी दोनच कोअर द्या, मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं ठेवून वर उचला, गादीवर किंवा उशीवर अजिबात ठेवू नका, आणि एप्रिलमधेच पंख्यातली धूळ काढून घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत ती चिकटून बसते. दुपारी बंदच ठेवा. प्रोग्रॅम मधेमधे काम सेव्ह करतोय ना ते पहिल्याच दिवशी मुद्दाम बंद करून परत चालू करून बघा, लाइट गेल्यावर बघू नका.

प्रश्न: मी आठवीत आहे, गिरगावात राहतो. आमच्या पिनकोडचे अवयव पाडले. ४००००४ = २ × २ × ११ × ९०९१. पण ९०९१ ला ४७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं आणि कंटाळा आला. अजून किती भागायचं? आणि हे त्या डेटाबेसमधे टाकू का?

उत्तर: तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तुला माहीत नसताना तू फार मोठ्या घरात शिरलायस. आधी तुझा प्रश्न. ९५ चा वर्ग ९०२५ आणि ९६ चा ९२१६, म्हणजे ९०९१ चं वर्गमूळ ९५ च्या जरा पुढे, म्हणून ९५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं, त्या पुढे गरज नाही. अशा एकूण २४ आहेत, तू ४७ पर्यंतच्या १५ केल्यास, ९ राहिल्या होत्या, अगदी थोडक्यात थांबलास.

आता गंमत. ४००००४ म्हणजे ४ × १००००१. आणि १००००१ म्हणजे १० चा ५वा घात अधिक १. ॲलन कनिंगहॅम आणि वुडॉल या दोघांनी १९२५ मधे अशाच संख्यांच्या अवयवांची कोष्टकं छापली होती, २, ३, ५, ६, ७, १०, ११ आणि १२ यांचे घात घेऊन त्यात १ मिळवायचा किंवा वजा करायचा. ती कोष्टकं अजून पूर्ण झालेली नाहीत, शंभर वर्षं लोक त्यात भर टाकतायत, आधी हाताने, मग लेहमर यांनी तर सायकलच्या चेनी लावून चाळणीचं मशीन बनवलं होतं, मग कॉम्प्युटर. गिरगावच्या पिनकोडमधे त्यातली एक ओळ बसलीय.

अशा संख्यांचा एक मोठा फायदा असतो. ११ सोडून जी मूळ संख्या १००००१ ला भागेल तिच्या शेवटी १ असलाच पाहिजे, हे सिद्ध करता येतं. म्हणजे २४ नाही, फक्त ११, ३१, ४१, ६१ आणि ७१, या पाचांनीच भागून बघायचं. हा शॉर्टकट परीक्षेत चालणार नाही पण इथे चालतो, आणि मोठ्या संख्यांवर आम्ही रोज असंच काहीतरी वापरून अर्ध्याहून जास्त काम वाचवतो.

दुसरा एक रस्ता आपल्याकडचा आहे. नारायण पंडितांनी १३५६ मधे गणितकौमुदी लिहिली, त्यात अवयव पाडण्यावर भागादान नावाचं प्रकरण आहे, संख्येत एखादा वर्ग मिळवून पूर्ण वर्ग होतो का ते बघायचं. २०२१ घे, त्यात ४ मिळवले की २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग, म्हणून २०२१ = (४५ − २) × (४५ + २) = ४३ × ४७. फर्मा यांनी हीच कल्पना १६४३ मधे वापरली. ९०९१ वर ही लावू नकोस, फार वेळ जाईल, २०२१ सारख्या जवळजवळच्या अवयवांच्या संख्येवर मजा येते.

डेटाबेसमधे ९०९१ टाक, ती तिथे आहेच, पण आपण काढलेलं तिथे दिसलं की बरं वाटतं. वहीत मात्र पाचही भागाकार मांड आणि बाकी पण लिही, नुसतं भाग जात नाही असं लिहून सोडू नकोस. माझ्या बाकी अशा आल्या: ११ ला ५, ३१ ला ८, ४१ ला ३०, ६१ ला २, ७१ ला ३. तुझ्याशी जुळल्या तर ९०९१ मूळ आहे हे आपण दोघांनी तपासलं.

मग पुढची संख्या घे, ९०९०९१, हीसुद्धा मूळच आहे, ती माझ्यावर सोड. पण त्याच्या पुढची ९०९०९०९१ फुटते. ७ ने सुरुवात कर, चार अवयव मिळतील. पहिल्या तीन अवयवांचा गुणाकार किती येतो ते पत्रात लिहून पाठव.